रेडियम, पळस आणि बर्फावरची फळी

गोंदियात मोटारसायकलच्या टाकीवर नाव टाकायचं असलं, की माणूस रेडियमवाल्याकडे जातो. दुकान जेमतेम दहा बाय दहाचं. भिंतीला रंगीत गुंडाळ्या टेकवलेल्या, टेबलावर संगणक आणि शेजारी एक यंत्र, ज्यात पेनाच्या जागी बारीक पातं बसवलेलं असतं. संगणकावर अक्षरं जुळवली, की हे पातं फक्त वरचा रंगीत थर कापतं. खालचा कागद शाबूत राहतो. मग पोरगा सुईच्या टोकाने नको असलेला भाग उचलून काढतो, अक्षरांवर एक चिकट कागद दाबतो आणि अख्खं नाव एका झटक्यात टाकीवर उतरवतो. टिपरच्या काचेवर मुलीचं नाव, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर शिवाजी महाराज, जिप्सीच्या दारावर नागझिऱ्याचा वाघ: सगळं याच टेबलावरून गेलेलं असतं.

या धंद्याला रेडियम हे नाव पडण्यामागे एक जुना धागा आहे. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधलं आणि पुढे काही दशकं घड्याळाच्या काट्यांवर रेडियमचा रंग लावत, म्हणजे ते अंधारात दिसत. अंधारात चमकेल ते रेडियम, हे लोकांच्या तोंडी बसलं. गाडीच्या दिव्यात लखलखणाऱ्या पट्ट्या आल्या तेव्हा त्यांनाही तेच नाव मिळालं. त्या पट्ट्यांत रेडियमचा कणही नसतो. त्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा लोलक असतात आणि ते आलेला प्रकाश आल्या दिशेला परत पाठवतात. आता तर न चमकणारं साधं व्हिनाइलही रेडियमच झालं आहे.

समजा, या दुकानात कुणी स्कीची जोडी घेऊन आला. स्की म्हणजे बर्फावरून घसरण्यासाठी पायाला बांधायची लांब, अरुंद फळी. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांपाशी जातो, तिथे स्कीचं काय काम, असं वाटेल. पण वस्तूवर आपलं चित्र कसं टिकवायचं, हा प्रश्न जितका कठोर या फळीने विचारला आहे, तितका मोटारसायकलच्या टाकीने कधीच विचारलेला नाही. टाकी वाकत नाही. स्की प्रत्येक वळणाला धनुष्यासारखी वाकते. तिला शून्याखाली वीस अंशांची थंडी सोसावी लागते, वितळलेलं पाणी सोसावं लागतं, आणि जोडीदार स्कीची पोलादी कड तिच्या पाठीवर वारंवार घासते. शिवाय डोंगरावरचं ऊन. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, म्हणजे रंगाला ऊन वरूनही लागतं आणि खालूनही.

गुलमर्गला किंवा औलीला जी स्की भाड्याने मिळते ती आतून थरांची असते. सगळ्यात खाली पॉलिथिलीनचा गुळगुळीत तळ, दोन्ही बाजूंना पोलादी कड, त्यावर काचतंतूचं कापड, मग लाकडाचा गाभा, पुन्हा काचतंतू आणि सगळ्यात वर प्लॅस्टिकचा पातळ पत्रा. हे थर इपॉक्सीत भिजवून गरम दाबयंत्रात एकजीव करतात. चित्र लोकांना दिसतं ते त्या वरच्या पत्र्यावर. आणि ते नेमकं पत्र्याच्या वर आहे, खाली आहे की आत मुरलेलं आहे, यावर त्याचं आयुष्य ठरतं. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच.

आपला रेडियमवाला चित्र वर लावेल. तयार स्कीवर दुसरं काही करताही येत नाही. तो जाणकार असेल तर आधी गुंडाळी निवडेल. स्वस्त व्हिनाइल रुळांमधून लाटून, ताणून काढलेलं असतं. महिन्या-दोन महिन्यांत ते आपल्या मूळ मापाकडे आक्रसू लागतं आणि कडेला चिकट काळी रेघ उघडी पडते. महाग व्हिनाइल पातळ ओतून सुकवलेलं असतं. त्यात ताण भरलेला नसतो, ते निम्म्या जाडीचं असतं आणि वळणावर निमूट बसतं. वाकणाऱ्या फळीसाठी दुसरंच घ्यायचं. स्कीला मेण लावतात, त्याचा अंश पाठीवरही उरतो, तो स्पिरिटने पुसून काढायचा. चित्राचे कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. छापील चित्र असेल तर त्यावर पारदर्शक लॅमिनेशन हवंच, नाहीतर शाई पहिल्याच हंगामात खरवडून निघेल. आणि लावल्यावर गोंद मुरायला एक दिवस तरी द्यायचा. उन्हात तापलेल्या टाकीवर व्हिनाइल टेकताक्षणी पकडतं आणि मग हलवता येत नाही, हे गोंदियातल्या प्रत्येक रेडियमवाल्याला मे महिना शिकवतो. थंड खोलीत उलटं होतं: गोंद पकडतच नाही.

एवढं करूनही चित्र वरच राहतं. पोलादी कड फिरली की आधी तेच जातं.

म्हणून स्कीचे कारखाने चित्र पत्र्याखाली घालतात. पत्रा पारदर्शक घ्यायचा, त्याच्या मागच्या अंगाला आरशातल्यासारखं उलटं छापायचं आणि छापलेली बाजू खाली करून चिकटवायचं. आता ओरखडा आला तरी तो प्लॅस्टिकवर येतो, शाईपर्यंत पोचत नाही. ही युक्ती मराठी मुलखाने फार आधी पाहिलेली आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेवरची चित्रं आहेत, ती काचेच्या पाठीवर रंगवलेली असतात. अशा चित्रात कामाचा क्रमच उलटा होतो. कागदावर चितारी आधी पार्श्वभूमी भरतो, मग चेहरा, मग डोळा, आणि शेवटी बुबुळातला प्रकाशाचा ठिपका. काचेवर तो ठिपका सगळ्यात आधी द्यावा लागतो. मग बुबुळ, मग डोळ्याचं पांढरं, मग गाल, आणि पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. चुकलं तर वरून दुरुस्ती नाही. पत्र्याच्या मागे जाळीतून शाई उतरवणाऱ्याचाही हाच क्रम: आधी बारीक रेघा आणि अक्षरं, मग मोठे रंगपट्टे, आणि सर्वांत शेवटी सबंध पांढरा. हा पांढरा नजरेत भरत नाही, पण तो नसला तर खालच्या काचतंतूंचा आणि लाकडाचा मळकट रंग चित्रातून डोकावतो आणि लाल रंग विटकरी दिसायला लागतो.

या पद्धतीत एक खोच आहे. शाई आता प्लॅस्टिक आणि इपॉक्सी यांच्या मधोमध अडकलेली आहे, म्हणजे वरच्या पत्र्याला खालच्या फळीशी धरून ठेवण्याचं ओझं त्या शाईच्या थरावर आलं. शाई प्लॅस्टिकला नीट धरत नसेल किंवा इपॉक्सी शाईला धरत नसेल, तर चित्र सुंदर राहून पत्राच सुटतो. त्यामुळे चित्रकाराच्या आधी रसायन जाणणाऱ्याला विचारावं लागतं.

थरच नको असेल तर रंग पत्र्याच्या आत घालावा लागतो, आणि ते काम गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात, तिरोड्यात, देवरीतही रोज चालतं. गावच्या कबड्डी संघाची जर्सी आठवा. नाव, आकडा, पुरस्कर्त्याचं चिन्ह सगळं कापडात मुरलेलं, हात फिरवला तरी लागत नाही. आधी खास शाईने कागदावर छापतात, मग तो कागद पॉलिस्टरवर ठेवून १८० ते २०० अंशांच्या गरम तव्याखाली दाबतात. शाईतला रंग वितळत नाही, घनातून थेट वायू होतो, कापरासारखा. त्या उष्णतेत पॉलिस्टरच्या रेणूंची वीण सैल पडलेली असते; वायू आत शिरतो आणि कापड थंड झालं की तिथेच कोंडला जातो. याला सब्लिमेशन म्हणतात. सुती बनियनवर हे होत नाही, कारण सुताला तशी वीण नाही. मगवर होतं, कारण मगला पॉलिस्टरचा लेप दिलेला असतो. स्कीचा वरचा पत्राही असाच गरम तव्याखाली रंगवतात. फक्त या शाईत पांढरा रंग नसतो. पांढरं जे दिसतं ते खालून आलेलं असतं, म्हणून जर्सीचं कापड पांढरं लागतं आणि स्कीच्या पत्र्याखालीही पांढरा थर द्यावा लागतो.

तळाची गोष्ट वेगळी. तिथे पॉलिथिलीन असतं आणि पॉलिथिलीनला काहीच चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीवर ऑइलपेंटने नाव घालून पाहा, आठवड्यात पापुद्रा सुटेल. दुधाच्या पिशवीवर छापतात खरं, पण त्याआधी त्या फिल्मवर विजेचा झोत सोडून तिचा पृष्ठभाग बदलून घ्यावा लागतो. स्कीचा तळ तर बर्फावर घासला जातो आणि वर्षातून एक-दोनदा दगडी चाकावर तासलाही जातो. छपाई तिथे उरणार कशी? म्हणून तळावरचं चित्र वरून छापत नाहीत, बहुधा जोडतात. रंगीत पॉलिथिलीनच्या चकत्या साच्याने कापायच्या आणि एकमेकींत केसभरही फट न ठेवता बसवायच्या. तळ कितीही तासला तरी खाली तोच रंग निघतो.

घरच्या घरी स्की बनवणारे हौशी लोक जगभर आहेत आणि त्यांच्या दोन पद्धती विदर्भाला विशेष जवळच्या आहेत. पहिली कापडाची. आवडीचं कापड वरच्या काचतंतूखाली ठेवून इपॉक्सीत भिजवायचं. ओल्या साडीसारखं ते अर्धपारदर्शक होतं, रंग दोन छटा गडद होतात, हे धरूनच कापड निवडावं लागतं. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आंधळगावला विणलं जाणारं टसर असं काचेत गोठलेलं पाहायला मला फार आवडेल. दुसरी पद्धत लाकडाच्या पातळ पापुद्र्याची. प्लॅस्टिकचा पत्रा काढून टाकायचा आणि लाकडाच्या रेषांनाच चित्र मानायचं. इथे आपल्या सागाचा मोह होणार. पण सागात तेल असतं. वाळवीला दूर ठेवणारं तेच तेल गोंदालाही दूर ठेवतं. ॲसिटोनने पुसून, ते उडाल्याबरोबर चिकटवलं तरच साग धरतो.

आणि लाकूड उघडं आलं की जुना प्रश्न परत येतो: त्यावर कवच कशाचं? आज उत्तर पॉलियुरेथेन असं येतं. त्याआधी अनेक शतकं आपल्याकडे आणि पुढे युरोपातही ते उत्तर ज्या झाडावरून उतरायचं, ते गोंदियाच्या बांधाबांधावर उभं आहे.

गोंदियाचं नाव गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडलं असं सांगतात. डिंक आणि लाख हा इथल्या जंगलाचा जुना व्यापार. जिल्ह्यातल्या सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी या तालुक्यांतून फिरताना पळस किती दाट आहे ते फाल्गुनात कळतं. त्या पळसाच्या कोवळ्या डहाळीवर एक किडा बसतो, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, लालभडक. त्याचं शास्त्रीय नाव केरिया लाका. रसाची जागा सापडली की तो सोंड सालीत रुतवतो. मादी तिथून पुन्हा कधीच हलत नाही. तिचे पायही झडतात. उरलेलं आयुष्य ती रस पिते आणि अंगातून राळ स्रवते. हजारो शेजारणींची राळ एकमेकीत मिसळून डहाळीभोवती खडबडीत, तांबूस साल तयार होते. प्रत्येक मादी श्वासासाठी बारीक भोक तेवढं मोकळं ठेवते, त्यातून पांढऱ्या मेणाचे तंतू बाहेर आलेले दिसतात. भरलेली डहाळी दुरून पाहिली तर पीठ शिंपडल्यासारखी वाटते. किलोभर लाखेमागे साधारण तीन लाख किडे, असा अंदाज दिला जातो.

हे स्वतःभोवती बांधलेलं घर आहे, आणि त्याचं रसायन पाहिलं की मी थक्क होतो. लाखेचे रेणू आम्ल आणि अल्कोहोल यांच्या जोडण्यांनी विणलेले असतात. म्हणजे हा किडा पळसाच्या रसातून एक प्रकारचं पॉलिस्टर बनवतो. कबड्डीच्या जर्सीचं आणि लाखेचं कूळ एकच.

डहाळीवरून खरवडलेली ती काडी लाख. ती कुटून पाण्यात चोळून धुतली की पाणी गर्द लाल होतं. पायाला लावायचा अळता मुळात याच रंगाचा. धुऊन उरलेले दाणे म्हणजे चौरी. चौरी कापडाच्या लांबलचक नळीत भरून निखाऱ्यांसमोर धरतात, एकजण नळीला पीळ देत राहतो, आणि वितळलेली लाख कापडातून गळून मधासारखी बाहेर येते. ती गरम असतानाच कारागीर हातापायांत आणि दातांत धरून चादरीसारखी ताणतात. गार झाली की मोडायची. तो चपडा. सुताराच्या डब्यातलं स्पिरिट पॉलिश म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवलेला. बालगंधर्वांची नाट्यगीतं घरोघर पोचली ती ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर, आणि त्या तबकड्या चपड्यात दगडाची भुकटी कालवून दाबलेल्या असत. दुसऱ्या महायुद्धात लाख इतकी मोलाची झाली, की १९४२ मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठीच्या तिच्या वापरावर कडक मर्यादा घातली. त्याआधीच, १९२४ मध्ये, रांचीजवळ नामकुम इथे लाखेच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली होती.

चित्र टिकवण्याचे वर, खाली आणि आत हे तिन्ही मार्ग लाखेला ठाऊक आहेत. सावंतवाडीच्या गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफेची १२० गोल पानं. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली, खडूच्या पुटावर रंगवलेली आणि शेवटी लाखेचा लेप दिलेली. खेळताना बोटांचा घाम आणि पानांची घासाघीस होते, ती लेप सोसतो, चित्र सोसत नाही. पाळण्याचे रंगीत पाय आणि लाकडी खेळणी घ्या. तिथे कातारी लेप देतच नाही. फिरत्या लाकडावर तो रंग मिसळलेली लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणानेच लाख वितळते, लाकडाच्या रंध्रांत शिरते, आणि मग केवड्यासारख्या पानाने दाबून घासली की आरसा होते. रंग आणि कवच एकच. स्कीच्या तळातल्या रंगीत पॉलिथिलीनचं तत्त्व हेच. आणि पॉलिश करणाऱ्या जुन्या सुताराचा हात पाहा. कापसाचा बोळा मऊ कापडात गुंडाळून तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत राहतो. लाखेचा नवा हात आधीच्या हाताला थोडा विरघळवून त्यात मिसळून जातो. दहा हात दिले तरी थर एकच राहतो. म्हणून वीस वर्षांनी ओरखडा पडला तरी खरवडायला नको, नुसता बोळा फिरवला की जुनं पॉलिश नव्याला आपल्यात घेतं. हे पॉलियुरेथेनला जमत नाही, इपॉक्सीला तर मुळीच नाही.

तरीही स्कीच्या पाठीवर शेवटचा हात म्हणून मी लाख सुचवणार नाही. पाणी साचून राहिलं की तिच्यावर पांढरट डाग उमटतो. थंडीत ती ठिसूळ होते आणि वाकत्या फळीवर तडकते. ऐंशीच्या आसपास अंशांना मऊ पडते, म्हणजे गरम दाबयंत्रात तर ती टिकायचीच नाही. भिंतीवर टांगायच्या जुन्या लाकडी स्कीला मात्र तिच्यासारखी झळाळी दुसऱ्या कशानेही येत नाही. आत दिवा लागल्यासारखे रेषारेषांत सोनेरी कण दिसतात.

आणि ही लाख पळसावर घ्यायची तर आधी झाड छाटावं लागतं, कारण किड्याला कोवळी फूट लागते. बैसाखी पिकाचं बीज आश्विन-कार्तिकात चढतं. अंडी भरलेल्या लाखेच्या वीतभर काड्या जुड्या करून सुतळीने फांद्यांना बांधतात, शक्यतो फांदीला लागून, म्हणजे पिल्लांना चालायला वाट मिळते. दोन-तीन दिवसांत डहाळ्या तांबूस दिसू लागतात. ती रांगणारी पिल्लं. पुढचे आठ महिने कडाक्याचं ऊन ही मोठी भीती. वैशाखातली लू काही झाडांवरचं पीक जागेवर वाळवते. दुसरी भीती पतंगांची. त्यांच्या अळ्या राळेत शिरून किड्यांना आतून खातात आणि त्या बहुतेक वेळा बांधलेल्या बीजातूनच आलेल्या असतात. म्हणून तीन आठवडे झाले, पिल्लं बाहेर पडली, की रिकाम्या काड्या झाडावर ठेवत नाहीत. त्यांना फुंकी म्हणतात. शेतकरी पुन्हा झाडावर चढतो, सुतळ्या कापून एकूण एक फुंकी खाली टाकतो, आणि घरी नेऊन तिच्यावर उरलेली लाखही खरवडून विकतो.